शत्रूचा मृत्यु आणि दोन कागद

राष्ट्राच्या शत्रूचा मृत्यु हा इतिहासलेखकाच्या न्यायबुद्धीची कसोटी पाहणारा प्रसंग होय. प्रतापगडाखालीं अफजलखानाची कबर आहे आणि त्याच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडाहि आहे. संशोधकास दोन्ही साधनें सारखींच लागतात. वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामाशीं संबंध असलेलें असेंच एक अलीकडचें प्रकरण आम्ही येथें विचारास घेतों.

ता. १३ मार्च १९४० रोजीं लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्यें उधमसिंग यांनीं सर मायकेल ओडवायर यांस गोळ्या घालून ठार केलें. ओडवायर हे १९१३ ते १९१९ पर्यंत पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. ता. १३ एप्रिल १९१९ रोजीं जालियनवाला बागेंत डायरनें १६५० गोळ्या झाडविल्या. सरकारी आंकड्यानेंच ३७९ माणसें मेलीं. आणि ओडवायर यांनीं त्या कृत्यास पसंती कळविली. अशा पुरुषाच्या वधाची वार्ता आली तेव्हां १९३६ पासून सेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, वास्तव्य केलेल्या गांधींनीं पत्रक काढून दुःख व्यक्त केलें, त्या कृत्यास वेडेपणा म्हटलें, आणि मृताच्या कुटुंबीयांविषयीं सहानुभूति दर्शविली.

एवढाच कागद ज्याच्या हातीं येईल तो म्हणेल कीं, लेखकास पंजाबचा विसर पडला. परंतु त्याच्या शेजारीं काँग्रेसच्या पंजाब चौकशी समितीचा १९२० चा अहवाल ठेवून पाहावा. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व मुकुंदराव जयकर यांच्या सह्यांच्या त्या अहवालांत ओडवायर यांजवर स्पष्ट ठपका आहे, व त्यांस जबाबदारीच्या पदावर ठेवूं नये अशी मागणी आहे. मात्र खटल्याची मागणी बुद्ध्याच टाळलेली आहे. अपराध नोंदावा पण सूड मागूं नये, हा निश्चय वीस वर्षें आधींच झालेला होता. १९४० चें पत्रक त्याच निश्चयास धरून आहे. त्यानें अहवालांतील एकहि आरोप रद्द होत नाहीं.

तथापि राष्ट्राचें मन एवढ्यानें संपत नाहीं. उधमसिंग यांस ता. ३१ जुलै १९४० रोजीं फांशी झाली, आणि १९७४ सालीं त्यांचे अवशेष सन्मानानें भारतांत आणले गेले. हाहि पुरावाच आहे.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, आवडता कागद जपून नावडता टाकूं नये. आरोपाचा, शोकाचा व सन्मानाचा, असे तिन्ही कागद एकाच रुमालांत बांधावे.