भिंत कुणाची?

मुंबई-पुण्यात घराचं काम काढायचं ठरलं की बोलणं आधी भिंतीवर येतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढली तर? बाल्कनी आत घेतली तर? मिस्त्री हाताने ठोकून बघतो, ‘चार इंची आहे, निघेल’ म्हणतो आणि खर्चाचा आकडा सांगतो. ती भिंत कुणाची, हे मात्र कुणी विचारत नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नाला तीन उत्तरं मिळाली आहेत.

चाळीत ते सोपं होतं. भिंत मालकाची. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींत तर मालक खुद्द सरकारच होतं. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्याचे सामाईक. भाडेकरूच्या हाती उरायची ती खोलीची उंची आणि एखादा कोपरा. मग उंचीत पोटमाळा निघायचा, मोरीला आडोसा यायचा, नव्या सुनेसाठी पडदा नाही तर प्लायवूडचं पार्टिशन उभं राहायचं. वीट न हलवता एका खोलीत दोन बिऱ्हाडं बसवण्याची ही कला मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या जोपासली.

१९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला छप्पर टिकल्याचा दिलासा मिळाला, पण तेवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात आखडते घेतले. लाकडी तुळया कुजल्या, सज्ज्यांना टेकू लागले, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ उभं केलं. त्यासाठी शहरातल्या एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींवर उपकर बसवला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा बोजड शब्द तेव्हापासून गिरगाव-लालबागच्या घराघरांत रुळला. भिंत मालकाची, राहणारा भाडेकरू आणि डागडुजी मंडळाची, असा तिढा तयार झाला. तो आजही पुरता सुटलेला नाही.

दुसरं उत्तर मात्र याच्या कितीतरी आधी मुंबईतल्याच गावदेवीत घडलं होतं. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५मध्ये तिथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली. देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून मानतात. १९१२च्या सहकार कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर संस्थांनाही वाट मोकळी करून दिली होती. इमारत संस्थेची आणि सभासद तिचाच भाडेकरू, अशी रचना. म्हणजे भिंत सोसायटीची झाली. खिळा ठोकण्यापलीकडचं काम असेल तर कमिटीला अर्ज करायचा, ही रीत त्यातूनच आली.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्ग चाळ सोडून ‘ब्लॉक’मध्ये राहायला गेला. घर मालकीचं झालं, पण बिल्डरांकडून होणारी फसवणूकही वाढली. ती रोखायला १९६३मध्ये मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. पाठोपाठ १९७०मध्ये अपार्टमेंट ओनरशिप कायदा झाला. कंडोमिनियम म्हणतात ती पद्धत महाराष्ट्रात या कायद्याने आणली. हे तिसरं उत्तर. यात फ्लॅट ज्याचा त्याचा. जमीन, पाया, कॉलम, बीम, गच्ची, जिना यांत मात्र प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा. म्हणजे भिंतीआडचा कॉलम सगळ्यांचा. आठव्या कलमात कायद्याने हे नि:संदिग्धपणे लिहिलं: इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षेला धोका पोहोचेल असं काम फ्लॅटमालकाने करायचं नाही आणि बांधकामात भर घालायची तर आधी इतर सर्व मालकांची एकमुखी संमती घ्यायची.

कागद बदलला तसं बांधकामही बदललं होतं. जुन्या घरांत भार भिंती आणि लाकडी सांगाडा वाहायचे, त्यामुळे भिंतीला हात लावायची भीती होती. आरसीसी आलं, भार कॉलम-बीमवर गेला, आतल्या भिंती नुसत्या आडोशाच्या झाल्या आणि ती भीती गेली. बाल्कन्या हॉलमध्ये विरघळल्या. १९९१च्या विकास नियमावलीने तर शुल्क भरून बाल्कनी बंद करण्याची सोयच करून दिली. खिडक्यांना डबा ग्रिल आली. मोझाइकच्या लाद्यांवरच नव्या टाइल्स बसल्या आणि स्लॅबवरचं ओझं वाढलं. न्हाणीघर सरकवलं की खालच्याच्या छताला ओल धरायची आणि सोसायटीच्या सभेत भांडण पेटायचं.

काही वेळा भांडणावर भागलं नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम सुरू होतं. वरच्या मजल्यांवरच्या माणसांचा त्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. मेले त्यांत तीही होती.

म्हणून घराचं काम काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. टाइल्सचे नमुने बघायला जाण्याआधी सोसायटीच्या कपाटातून इमारतीचे मूळ नकाशे बाहेर काढा. कॉलम-बीम कुठून जातात ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून समजून घ्या. मिस्त्रीच्या ठोकण्यावर जाऊ नका. कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि खालच्या मजल्यावरच्यांना काम सुरू होण्याआधी भेटा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. आपल्या इमारतीचं शेवटचं ऑडिट कधी झालं, हे येत्या सभेत विचारा आणि अहवाल वाचायला मागा.