जिन्यातली खिडकी आणि मुंबईच्या रंगीत काचा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला हिशेबाशिवाय काही लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग हिशेबच लिहा. म्हणून हा लेख. यात थोडा इतिहास आहे आणि शेवटी एक हिशेब आहे.

आपल्या ‘ए’ विंगच्या जिन्यात पहिल्या वळणावर रंगीत काचांची एक खिडकी आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास तिच्यातून ऊन येतं आणि पायऱ्यांवर लाल-निळे ठिपके पडतात. शाळेत जाताना मुलं त्यावर उड्या मारतात. पंचवीस वर्षांपूर्वी या प्लॉटवर जो बंगला होता, त्याची ही खिडकी. अशा खिडक्या चार होत्या. त्यांची गोष्ट सांगण्याआधी जरा फोर्टात जाऊन येऊ.

माझी नोकरीतली बरीच वर्षं फोर्टातल्या शाखेत गेली. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की पंधरा-वीस मिनिटं उरायची. बाकीचे कॅरम खेळायचे, मी फिरायला निघायचो. असाच एकदा विद्यापीठाच्या आवारात शिरलो. राजाबाई टॉवर बाहेरून सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण खालच्या ग्रंथालयात फार कमी लोक डोकावतात. आत उंच खिडक्या, त्यांत रंगीत काचा आणि वाचणाऱ्यांच्या टेबलांवर पसरलेला मऊ उजेड. बाहेर मे महिन्याचं ऊन कडकत होतं, ते आत येताना जणू चप्पल काढून आलं होतं.

या इमारतीसाठी प्रेमचंद रायचंद या कापूस-व्यापाऱ्याने पैसे दिले, ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख. मनोऱ्याला आईचं नाव दिलं, राजाबाई. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी मुंबईत पाऊलही ठेवलं नाही, नकाशे तिकडून पाठवले. १८६९ मध्ये सुरू झालेलं काम १८७८ मध्ये पुरं झालं. शेजारचा पदवीदान सभागृहही स्कॉट यांचाच, १८७४ सालचा, कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभा राहिलेला. तिथे एक भलीमोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यात बाराही राशी काचेत घडवल्या आहेत. मी याच विद्यापीठाचा पदवीधर, पण झग्याचं भाडं वाचवायला पदवी पोस्टाने मागवली होती. ती खिडकी पाहिली थेट पुतणीच्या पदवीदानाला. आपली रास शोधताना पुतणीचं नाव पुकारलं गेलं तेही ऐकलं नाही!

पुढे छंदच लागला. कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलं. १८३८ ते १८४२ च्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये उघडलं. त्याच्या काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या. बोटीने आलेली काच इतका प्रवास करून धड पोचली याचंच मला नवल वाटलं. काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग १८८४ सालचं, ससून कुटुंबाने बांधलेलं. ज्यू धर्मात देवाची मूर्ती वा चित्र चालत नाही, त्यामुळे चर्चसारखे संत तिथल्या काचांत नाहीत. व्हीटी म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून मी तीस वर्षं रोज गाडी पकडली, पण गाडी सोडून वर कधी पाहिलं नाही. निवृत्तीनंतर हेरिटेज वॉकला गेलो तेव्हा कळलं की तिथेही रंगीत काचा आहेत. काच काही कुणा एका धर्माची नाही. देऊळ ज्ञानाचं असो की आगगाडीचं, उजेड सगळीकडे सारखाच येतो.

या काचा करतात कशा, हे आता थोडक्यात. पुष्कळांना वाटतं की साध्या काचेवर रंग लावतात. तसं नसतं. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा किंवा लाल, सोन्यानेही लाल. म्हणजे रंग काचेच्या अंगातच असतो, उन्हाने उडत नाही. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या मात्र काळपट रंगाने काढतात आणि काच भट्टीत भाजतात, की रंग काचेशी एकजीव होतो. चांदीचं संयुग लावून भाजलं की पिवळा रंग येतो. युरोपातल्या कारागिरांना ही युक्ती चौदाव्या शतकापासून ठाऊक आहे. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे डाक लावून जोडायचे आणि फटींत लांबी भरायची.

खरी मेख त्या शिशात आहे. काच शेकडो वर्षं टिकते. शिसं मऊ. साधारण शंभर वर्षांत ते थकतं, उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं, खिडकीला पोट येतं आणि एक दिवस काचा निखळतात. मुंबईच्या या खिडक्यांचीही शंभरी कधीच उलटली होती. सुदैवाने त्यांना माणसं भेटली. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाची मोठी दुरुस्ती २०१३ ते २०१५ दरम्यान झाली. वास्तुसंवर्धक ब्रिंदा सोमाया यांनी इमारतीचं काम पाहिलं आणि काचांचं काम स्वाती चांदगडकर यांनी. अशा कामात आधी प्रत्येक तुकड्याचा नकाशा काढतात, नंबर घालतात, पट्टे उतरवून काचा स्वच्छ करतात, थकलेलं शिसं बदलतात आणि जुनीच काच पुन्हा जागच्या जागी बसवतात. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलच्या काचा तर १९३९ मध्ये युद्ध दाराशी आलं तेव्हा उतरवून सुरक्षित ठिकाणी हलवल्या आणि युद्ध संपल्यावर परत चढवल्या.

आता आपल्या चार खिडक्या. बंगल्याच्या मालकांनी आठवण म्हणून त्या सोसायटीला दिल्या. एक जिन्यात बसवली, तीन मीटर रूममध्ये उभ्या करून ठेवल्या. पहिल्याच वर्षी वायरमनने तक्रार केली की आत शिरायला जागा नाही. तेव्हा खजिनदार मी होतो. भंगारवाला बोलावला. त्याला सागवानी चौकटी आणि शिसं हवं होतं. काचा त्याने तिथेच, आवारात, हातोडीने पाडल्या. मी उभा राहून पाहिलं, पावती फाडली आणि कीर्दीत लिहिलं : भंगार विक्री, रुपये ८५०. ऑडिटरनेही काही विचारलं नाही.

म्हणजे फोर्टात ज्या काचा बघायला मी जेवणाची सुट्टी खर्च करत होतो, तशाच काचा मी घरी किलोच्या भावाने विकल्या. का, याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे : तिथे इमारतीवर दगडी पाटी होती, इथे नव्हती.

काही वर्षांनी बंगल्याच्या मालकांच्या बहीण आपल्याकडे आल्या होत्या. साठी उलटलेल्या बाई. जिन्यातल्या खिडकीपाशी बराच वेळ थांबल्या, काचेवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “बाकीच्या तिन्ही कुठं बसवल्यात हो?” मी त्यांना चहाला वर बोलावलं. उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

हे आज लिहिण्याचं कारण असं. येत्या वार्षिक सभेत मोठ्या दुरुस्तीचा विषय आहे आणि त्यात जिन्याच्या सगळ्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवण्याचा प्रस्ताव आहे. प्रस्ताव करणाऱ्यांचं काही चूक नाही. त्या खिडकीला पोट आलंय, पावसात पाणी येतं, पायऱ्या निसरड्या होतात आणि आपल्यात माझ्यासारखी गुडघे गेलेली मंडळी बरीच आहेत. पण ती शिशाची तक्रार आहे, काचेची नाही. खिडकी उतरवून, शिसं बदलून परत बसवता येते. तोवर तिथे साधी काच लावावी आणि जाणकाराकडून खर्चाचा अंदाज घ्यावा, एवढीच माझी सूचना आहे. मत अर्थातच सभेचं.

राहिला हिशेब. ८५० रुपये, दसादशे ८ टक्के, चक्रवाढ व्याज, मुदत २४ वर्षं. रास होते ५,३९० रुपये. तेवढ्या रकमेचा चेक मी सेक्रेटरींकडे दिला आहे. खिडकीच्या दुरुस्तीला ते पुरणार नाहीत, आणि त्या तीन खिडक्यांची भरपाई तर त्याने होतच नाही. पण खातं माझ्या नावावर उघडं होतं, ते मला निदान मान्य करायचं होतं.

सकाळी साडेआठला जिन्यात ऊन असतं. सभेच्या आधी एकदा येऊन पाहून जा.