उजव्या कप्प्याचा हिशोब

पोस्ट थोडी मोठी आहे. पण ज्यांच्या घरात लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं लेकरू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

हृदयाचा विषय निघाला की आपण अटॅक, ब्लॉकेज, स्टेंट एवढंच बोलतो. हे सगळं बहुतेक डाव्या बाजूचं. उजवा खालचा कप्पा, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली 'उजवी जवनिका', अंगातून आलेलं रक्त फुप्फुसाकडे ढकलते. पल्ला जवळचा, भिंत पातळ. म्हणून डॉक्टर लोकांनीही तिला बरीच वर्षं दुय्यम मानलं. 1943 साली अमेरिकेत स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या या कप्प्याची भिंत निकामी करून पाहिली. शिरांमधला दाब फारसा वाढला नाही. मग हा कप्पा म्हणजे रक्ताची नुसती वाट, असा समज पसरला.

पण उजवी बाजू अशी सहज सोडून देण्यासारखी नाही. 16 फेब्रुवारी 1968 रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं होऊन तीन महिनेही झाले नव्हते! रुग्ण मात्र काही तासांतच गेला. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा वाढलेला विरोध हे कारण सांगितलं गेलं. या विरोधाला तोंड द्यावं लागतं ते उजव्याच कप्प्याला.

मग हा कप्पा आधीच मोजायचा कसा? सोनोग्राफीच्याच तत्त्वावर चालणाऱ्या इकोत डावा कप्पा अंड्यासारखा दिसतो, सूत्र लावलं की माप निघतं. उजवा चंद्रकोरीसारखा डाव्याला वेढून बसलेला, वर छातीच्या हाडामागे. सूत्र बसत नाही.

1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढण्याची पद्धत मांडली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली. 2003 चं नोबेल दोघांना मिळालं. हाच आपला एमआरआय. वाकडंतिकडं शेत पट्टे पाडून मोजतात ना, तसंच इथं. ईसीजीच्या ठोक्याशी मेळ घालून, श्वास रोखायला सांगून, हृदयाचे सुमारे 8 मिलिमीटरचे काप टिपतात आणि बेरीज करतात. समजा भरलेल्या कप्प्यात 160 मिली रक्त होतं आणि आकुंचनानंतर 80 उरलं, तर 50 टक्के बाहेर गेलं. एक्स-रेसारखे किरण यात नाहीत, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

याची गरज सगळ्यात जास्त कुणाला? 'निळ्या' बाळांना. फॅलोच्या विकारात हृदयाला छिद्र असतं आणि फुप्फुसाची वाट अरुंद असते. ऑपरेशनने वाट मोकळी होते, पण पुष्कळदा तिथली झडप गळकी राहते. रक्त मागे येतं आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं गुपचूप फुगत जातो. पोरगं खेळतंय, शाळेत जातंय, घरच्यांना वाटतं सगळं बरं आहे. शरीराच्या दर चौरस मीटरमागे हा आकडा 150-160 मिलीच्या आसपास गेला की डॉक्टर नवीन झडपेचा विचार करतात. फार उशीर झाला तर कप्पा पूर्ववत होत नाही.

2012 मध्ये जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांमधून जन्मजात हृदयविकार शोधले जातात. चांगलंच झालं. पण ऑपरेशन झालं, फोटो निघाला, पुढं काय? तेव्हाची लेकरं आता कॉलेजात आहेत, कामाला लागलीत.

म्हणून दोन गोष्टी. एक, ऑपरेशनची फाईल जपून ठेवा आणि उजव्या कप्प्याचं माप कधी घ्यायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांना स्वतःहून विचारा. दोन, पुढारी एमआरआय मशीनची घोषणा करतील तेव्हा एकच प्रश्न विचारा: यावर हृदयाची तपासणी होणार का, आणि ती वाचणारा डॉक्टर कोण? नुसतं गुडघा आणि कंबर बघणारं मशीन आलं, तर भोकरच्या लेकराला नंदीग्राम एक्स्प्रेस काही सुटत नाही.

ओळखीत असं लेकरू असेल, तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा.