मोटारसायकलची अनुज्ञप्ती, वाहनवर्गाची नोंद आणि दंड : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अमरावतीहून नागपूरकडे जाताना लागणारे नांदगाव पेठ हे गाव नावाप्रमाणे एकेकाळी पेठेचे गाव. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहत, औष्णिक विद्युत प्रकल्प आणि टोलनाका यांमुळे आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून परिचित असलेला व २०१० च्या फेररचनेनंतर क्रमांक ५३ झालेला रस्ता या गावाजवळून जातो. सकाळी कारखान्यांच्या पाळीची वेळ आणि महाविद्यालयांची वेळ जवळजवळ एकच असते. त्या वेळी या रस्त्यावर मालट्रकांच्या बरोबरीने धावतात त्या मोटारसायकली. त्या चालविणाऱ्यांत कामगार आहेत, शेतकरी आहेत आणि आपले विद्यार्थीही आहेत.

यांपैकी अनेकांच्या खिशात अनुज्ञप्ती, म्हणजे बोलीतले 'लायसन', असते. परंतु ती नेमकी कोणत्या वाहनाची आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बिनगिअरच्या स्कूटरची अनुज्ञप्ती असलेला तरुण वडिलांची गिअरची मोटारसायकल चालवितो. केवळ मोटारीची अनुज्ञप्ती असलेला गृहस्थ बाजारात दुचाकीने जातो. जड वाहनाचा अनुभवी चालक सुटीच्या दिवशी मोटारसायकल काढतो. 'लायसन आहे ना, मग झाले' हा या सर्वांचा समज. तो कायद्याला मान्य नाही. तो का मान्य नाही, त्यासाठी कोणता दंड सांगितला आहे आणि त्या दंडापलीकडे कोणती मोठी जबाबदारी उभी राहते, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीच शब्दांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. मोटार वाहन कायद्याच्या मराठी परिभाषेत 'परवाना' हा शब्द वाहनाच्या व्यावसायिक वापरासाठी, तर 'अनुज्ञप्ती' हा चालकासाठी योजतात. अनुज्ञप्तीवरील नोंदीही दोन प्रकारच्या असतात. चालक कोणत्या वर्गाचे वाहन चालवू शकतो ही पहिली नोंद. न्यायालयाने चालकास अपात्र ठरविल्याची ही दुसरी. प्रस्तुत विवेचन पहिल्या नोंदीपुरते मर्यादित आहे.

वऱ्हाड आणि मोटार कायद्याचे आगमन

भारतात सर्वत्र लागू होईल असा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ साली झाला. सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविणाऱ्याकडे अनुज्ञप्ती असलीच पाहिजे, हे तत्त्व त्याने स्वीकारले. परंतु त्या काळी वऱ्हाडची घटनात्मक स्थिती निराळी होती. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आलेला हा प्रदेश १९०२ च्या कराराने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्यप्रांताशी जोडण्यात आला. तथापि सार्वभौमत्व नावापुरते का होईना निजामाचेच असल्याने वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या 'ब्रिटिश इंडिया' नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते अधिसूचनेद्वारे लागू करावे लागत. १९३५ च्या कायद्यानंतर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हा एक प्रांत म्हणून चालू लागला आणि ही तांत्रिक दरी व्यवहारात बुजली.

१९३९ चा मोटार वाहन कायदा या नव्या व्यवस्थेत आला. या कायद्याच्या मूळ चौकटीत मोटारसायकल हा एकच वर्ग होता. गिअर असणे वा नसणे हा भेद तेव्हा महत्त्वाचा नव्हता. विनाअनुज्ञप्ती वाहन चालविण्यासाठी स्वतंत्र कलमही नव्हते. ज्या अपराधांना वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्यांच्यासाठी असलेल्या सर्वसाधारण दंडाच्या कलमातच त्याची गणना होई. यावरून या अपराधाकडे पाहण्याची तत्कालीन दृष्टी स्पष्ट होते.

त्या काळात मोटार कायद्याचे खरे वाद अनुज्ञप्तीचे नव्हते, परवान्यांचे होते. मध्यप्रांत व वऱ्हाडने या कायद्यात केलेल्या दुरुस्तीने, म्हणजे १९४८ च्या तिसऱ्या अधिनियमाने, प्रवासी वाहतुकीचा व्यवसाय शासनाकडे घेण्याचा मार्ग मोकळा केला. त्यातून उद्भवलेल्या भिकाजी नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये घटनाशास्त्रातील प्रसिद्ध 'ग्रहणाचा सिद्धांत' मांडला. राज्यशास्त्राच्या वर्गात आपण हा सिद्धांत शिकवितो. त्याच्या मुळाशी आपल्याच प्रांताचा मोटार कायदा आहे, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. एवढ्या गाजलेल्या कायद्यात दुचाकीस्वार उपेक्षितच राहिला, कारण रस्त्यावर तो संख्येने थोडा होता.

एक बदल मात्र शांतपणे झाला. १ जुलै १९४६ पासून १९३९ च्या कायद्यातील आठवे प्रकरण अमलात आले आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीसाठी वाहनाचा विमा सक्तीचा झाला. चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती नव्हती, हा बचाव त्याच प्रकरणाने विमा कंपनीला दिला. १९५६ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद केली. तेव्हापासून अनुज्ञप्तीवरील नोंद केवळ पोलीस आणि चालक यांच्यातील बाब राहिली नाही. अपघातात दगावलेल्याच्या कुटुंबाशी आणि वाहनमालकाच्या घरादाराशी तिचा संबंध जोडला गेला.

१९८८ चा कायदा : वर्गीकरण आणि शिक्षा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतरच्या तीन दशकांत दुचाकी ही मध्यमवर्गीय घराची वस्तू झाली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची ५० घनसेंटिमीटर क्षमतेची लूना आली, त्याच सुमारास बजाजची चेतक आली. गिअर नसलेली लूना आणि हाताने गिअर बदलावी लागणारी चेतक चालविण्याचे कौशल्य एकसारखे नाही, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होते. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. कलम १० मध्ये 'गिअर नसलेली मोटारसायकल' आणि 'गिअर असलेली मोटारसायकल' हे दोन स्वतंत्र वर्ग झाले. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की कायद्याच्या व्याख्येत स्कूटर आणि मोपेड हीदेखील 'मोटारसायकल'च आहे.

या कायद्यातील कलम ३ ची शब्दयोजना बारकाईने वाचण्यासारखी आहे. चालकाजवळ अनुज्ञप्ती असावी एवढेच ते म्हणत नाही. 'ते' वाहन चालविण्याचा अधिकार देणारी, प्रभावी अनुज्ञप्ती असावी असे म्हणते. सारा अर्थ त्या 'ते' या सर्वनामात आहे. चुकीच्या वर्गाची अनुज्ञप्ती बाळगणाऱ्यासाठी कायद्यात वेगळे, सौम्य कलम नाही. कायद्याच्या दृष्टीने तो विनाअनुज्ञप्ती चालकच ठरतो आणि कलम १८१ त्याला लागू होते. मुळात या कलमात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. अशा व्यक्तीच्या हाती वाहन देणाऱ्या मालकासाठी कलम १८० मध्ये तेवढीच कैद, परंतु दंडाची मर्यादा १००० रुपये होती. चालकापेक्षा वाहन सोपविणाऱ्याचा दोष अधिक, ही दृष्टी त्या दुप्पट आकड्यात दिसते.

अनुज्ञप्ती घरी राहणे हा निराळा व किरकोळ अपराध होय. ती 'नसणे' आणि 'जवळ नसणे' यांची सरमिसळ पुष्कळदा होते. आता डिजिटल स्वरूपातील अनुज्ञप्ती ग्राह्य असल्याने दुसरा प्रश्न बराचसा सुटला आहे. पहिला तसाच आहे.

१९८८ ते २०१९ अशी तीस वर्षे ५०० रुपयांचा आकडा कायद्यात स्थिर राहिला. १९८८ साली ५०० रुपये ही अनेक घरांसाठी महिन्याच्या खर्चातली मोठी रक्कम होती. २०१९ पर्यंत तिची जरब उरली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने, जिच्या दंडविषयक तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आल्या, कलम १८० व १८१ या दोन्हींतील दंड ५००० रुपये झाला; तीन महिन्यांच्या कैदेची मर्यादा कायम राहिली. चालक आणि मालक यांच्या दंडातील जुना फरक मात्र यात नाहीसा झाला. अल्पवयीनाच्या हाती वाहन गेल्यास मात्र पालक वा मालक यांच्यासाठी कलम १९९ अ हे कठोर कलम नव्याने आले. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती नाही, अशी तरतूद आहे.

महाराष्ट्रात या वाढीव दंडाची अंमलबजावणी लगेच झाली नाही. तडजोड शुल्क ठरविण्याचा अधिकार कलम २०० अन्वये राज्याकडे आहे. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये दंडाचा पुनर्विचार करावा असे केंद्राला कळविले. वाढीव तडजोड शुल्क राज्यात लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये.

न्यायालयांची दृष्टी : दंड आणि दायित्व

चौकात भरलेल्या दंडाने विषय संपतो असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दंडाची मर्यादा कायद्याने ठरविलेली असते. नुकसानभरपाईची तशी नसते. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर न्यायाधिकरण देत असलेली भरपाई लाखांच्या घरात जाते आणि विमा कंपनीने हात झटकल्यास तो भार मालकावर पडतो.

नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वरणसिंग या खटल्याच्या जानेवारी २००४ मधील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह केला. विशेष म्हणजे बिनगिअरच्या मोटारसायकलची अनुज्ञप्ती असलेला चालक दुसरे वाहन चालवीत असल्याचे उदाहरणच त्या निर्णयात आले आहे. अशा प्रसंगी वर्गातील तफावत हे अपघाताचे मुख्य वा साहाय्यभूत कारण होते काय, हे पुराव्यावरून ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे फौजदारी बाजूने जो सरसकट विनाअनुज्ञप्ती ठरतो, त्याच्याच बाबतीत भरपाईच्या बाजूने कारणमीमांसा आवश्यक ठरते.

परंतु या उदारतेवर विसंबून राहता येत नाही. २००८ च्या ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध झहरुलनिशा या प्रकरणात स्कूटरस्वाराकडे जड वाहनाची अनुज्ञप्ती होती, दुचाकीची नव्हती. मोठे वाहन चालविणाऱ्याला लहान वाहन येतेच, हा व्यवहारातील युक्तिवाद तेथे टिकला नाही. सर्वस्वी भिन्न वर्गाचे वाहन चालविल्यामुळे विमा कंपनी जबाबदार नाही असे न्यायालयाने ठरविले. मात्र पीडितांना रक्कम आधी कंपनीने द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. पीडिताचे कुटुंब वाचले, पण मालकाचे कुटुंब बुडाले.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्यास ७५०० किलोग्रॅमच्या आतील वाहतूक वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय हलक्या वाहनांच्या वर्गापुरता आहे. 'आता वेगळी नोंद लागतच नाही' असा त्याचा अर्थ लावून मोटारीच्या अनुज्ञप्तीवर दुचाकी चालविणे ही घोडचूक ठरेल.

समारोप

प्रस्तुत लेखक याबाबत कोणाला उपदेश करण्याच्या स्थितीत नाही. चाचणी सोपी म्हणून पहिली अनुज्ञप्ती त्याने बिनगिअरच्या स्कूटरवर काढली आणि पुढे दोन वर्षे वडिलांची गिअरची मोटारसायकल याच महामार्गावर निर्धास्तपणे चालविली. एका वकील स्नेह्याने अनुज्ञप्ती हातात घेऊन त्यातील नोंद वाचून दाखविली, तेव्हा आपण वडिलांना रोज केवढ्या जोखमीत टाकत होतो हे ध्यानी आले. त्या दोन वर्षांत काही घडले नाही, हा केवळ योगायोग होय.

वरील विवेचनातून असे दिसते की १९१४ पासूनचा प्रवास केवळ दंडवाढीचा नाही. चालक नुसता 'परवानगी असलेला' असावा, या कल्पनेकडून तो 'या वाहनासाठी पारखलेला' असावा, या कल्पनेकडे कायदा सरकत गेला. समाजाची समजूत मात्र १९३९ मध्येच थांबली आहे. हे अंतर केवळ दंडाने मिटेल असे ५०० रुपयांच्या तीस वर्षांच्या इतिहासावरून वाटत नाही.

उपाय अवघड नाही. कलम ११ अन्वये असलेल्या अनुज्ञप्तीत नव्या वर्गाची भर घालता येते. त्यासाठी त्या वर्गाची शिकाऊ अनुज्ञप्ती आणि किमान तीस दिवसांनंतर चाचणी एवढेच लागते. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांच्या अनुज्ञप्तीवरील वर्ग तपासून देण्याचा उपक्रम हाती घ्यावा. 'लायसन आहे का' या प्रश्नाऐवजी 'कशाचे आहे' हा प्रश्न विचारला जावा. आणि आपण प्राध्यापकांनी त्याचा आरंभ वाहनतळावर लावलेल्या स्वतःच्या दुचाकीपासून करावा, हे उचित होईल.