कंपायलर बदलला, प्रोग्राम अडला: सी भाषेतील एका सवलतीचा इतिहास

वरच्या वर्गाकडून मिळालेला एखादा जुना सी प्रोग्राम तुम्ही नव्या संगणकावर कंपाइल करता. गेल्या वर्षी तो चालत होता. आज पडद्यावर चुकांची रांग लागते. प्रोग्राममधले एक अक्षरही बदललेले नाही. मग चूक कोणाची? याचे उत्तर शोधायला पन्नास वर्षे मागे जावे लागते.

केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत डेटा टाइप नव्हते. प्रत्येक व्हेरिएबल म्हणजे यंत्राचा एक वर्ड. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी तिच्यातून सी भाषा घडवली, तेव्हा टाइप आले. पण जुनी सवय उरली. टाइप लिहिला नाही तर तो ‘इंट’ समजायचा. जाहीर न केलेले फंक्शन वापरले, तर तेही ‘इंट’ परत करते असे धरायचे. पीडीपी-११ या यंत्रावर इंट आणि पॉइंटर दोन्ही १६ बिटांचे होते. त्यामुळे ही सवलत बहुधा खपून जाई.

१९८९ च्या अमेरिकी मानकाने फंक्शन प्रोटोटाइप आणले, पण सवलत काढली नाही. ती सी-९९ या मानकाने काढली. तरीही जीसीसी हा कंपायलर अशा प्रोग्रामला फार तर इशारा देई आणि पुढे जाई, कारण जगभर जुन्या कोडचा डोंगर साचला होता.

दरम्यान ६४ बिटांची यंत्रे आली. लिनक्सवर पॉइंटर ६४ बिटांचा झाला, इंट ३२ बिटांचाच राहिला. आता समजा, दुसऱ्या फाइलमधले फंक्शन पॉइंटर परत करते आणि तुम्ही ते जाहीर न करताच वापरले. कंपायलर त्याला इंट समजतो आणि पत्त्याचे वरचे ३२ बिट गमावतो. पत्ता लहान असेल तर प्रोग्राम चालतो, नाहीतर भलत्याच ठिकाणी कोसळतो. दुर्लक्षिलेल्या इशाऱ्याची ही किंमत होती.

अखेर कंपायलर कडक झाले. मार्च २०२३ मधील क्लँग १६ आणि मे २०२४ मधील जीसीसी १४ यांनी त्या इशाऱ्याची चूक केली. त्याआधी, मे २०२० च्या जीसीसी १० ने दुसरी सवलत बंद केली होती: हेडर फाइलमध्ये ‘एक्स्टर्न’ न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवले आणि ती फाइल दोन ठिकाणी जोडली, तर आता लिंकर ‘एकाहून अधिक व्याख्या’ अशी तक्रार करतो. एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ ने सी-२३ हे मानक गृहीत धरले. त्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे आणि रिकाम्या कंसाचा अर्थ ‘आर्ग्युमेंट नाहीत’ असा होतो.

म्हणून अडचण आली की क्रमाने जा. आधी जुन्या ऑब्जेक्ट फाइल काढून सगळे पुन्हा बांधा. मग फक्त पहिली चूक वाचा. पुढच्या बऱ्याच तिच्यातूनच जन्मतात. ती कंपायलरची आहे की लिंकरची, हे ठरवा. नंतर जुने मानक सांगणारा पर्याय देऊन पाहा. प्रोग्राम चालला, तर कारण सापडले. दुरुस्ती मात्र अजून बाकी आहे. योग्य हेडर जोडा, प्रोटोटाइप लिहा, ‘एक्स्टर्न’ वापरा.

एक सापळा ध्यानात ठेवा. अनेक जुने प्रकल्प बांधणीआधी छोटे चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून यंत्रावर कोणती सोय आहे ते तपासतात. तो चाचणी-प्रोग्रामच जुन्या पद्धतीचा असेल, तर नवा कंपायलर त्याला नाकारतो आणि तपासणी ‘सोय नाही’ असा निष्कर्ष काढते. बांधणी बिनतक्रार पूर्ण होते, पण एखादी सुविधा गुपचूप गळून पडते. त्यामुळे कंपायलर बदलण्यापूर्वीची आणि नंतरची तपासणीची नोंद शेजारी ठेवून ताडून पाहा.

आपल्या प्रयोगशाळांत टर्बो सी वर शिकलेल्या पिढ्यांना ‘व्हॉइड मेन’ आणि ‘कोनिओ’ हेडर म्हणजेच सी वाटे. तो एका कंपायलरचा स्वभाव होता. भाषा मानकात असते. कंपायलर तिचा फक्त एक वाचक. आजपासून प्रत्येक प्रोग्राम सर्व इशारे चालू ठेवून कंपाइल करा. आजचा इशारा उद्याची चूक ठरू शकतो, हे सी च्या इतिहासात अनेकदा घडले आहे.