मेलेल्या वेलीचे वंशज

हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री का नसते, हा प्रश्न आनुवंशिकता शिकवताना वर्गात हमखास निघतो. त्याचे उत्तर इंग्लंडमधील हॉप नावाच्या वेलीच्या इतिहासातही सापडते. ही वेल बिअरसाठी लावतात, म्हणून शाळेत तिचे नाव सहसा निघत नाही. आम्हाला मात्र इथे पेयापेक्षा वेलीतच अधिक रस आहे.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. पपईप्रमाणे हिचीही नर व मादी झाडे वेगळी. मादी वेलीच्या शंकूसारख्या फुलोऱ्यात राळेचे बारीक पिवळे कण असतात. त्यांतील अल्फा आम्ले उकळली की त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि बिअरला कडवटपणा येतो. शिवाय बिअर आंबट करणाऱ्या अनेक जिवाणूंना ही द्रव्ये आळा घालतात. सुवेझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी लंडनहून मुंबई-कलकत्त्याला येणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी पोहोचत. त्यांतून येणाऱ्या पेल एल या फिकट बिअरमध्ये हॉप जास्त घालत, ते याचसाठी.

शेतकरी हॉपची लागवड बियांपासून न करता मुळांच्या किंवा खोडाच्या तुकड्यांपासून करतात. त्यामुळे एका वाणाची प्रत्येक वेल मूळ वेलीची नक्कलच असते. गुण टिकतात; पण नवे गुण हवे असतील तर बीच पेरावे लागते. केंट परगण्यातील वाय कॉलेजात अर्नेस्ट सामन यांनी १९०६ पासून हेच काम हाती घेतले. इंग्रजी गोल्डिंग वाणाचा सुवास नाजूक होता, तर अमेरिकेतील रानटी हॉपमध्ये राळ भरपूर होती. दोन्ही गुण एकत्र आणता येतील का?

१९१६ साली कॅनडाचे उद्यानतज्ज्ञ मॅकून यांनी मॅनिटोबा प्रांतातील मॉर्डेन येथील रानटी वेलीचा तुकडा सामन यांना पाठवला. वेल रुजली, परंतु १९१८-१९ च्या हिवाळ्यात मेली. सुदैवाने १९१८ मध्येच तिचे बी गोळा झाले होते. वाऱ्याने परागण झालेले असल्यामुळे त्या बियांचा पिता अज्ञात! या रोपांतून ‘ब्रुअर्स गोल्ड’ (१९३४) आणि ‘बुलियन’ (१९३८) ही वाणे निघाली. मॅनिटोबाच्या वेलीपासून आलेल्या नराचा ब्रॅम्लिंग या गोल्डिंग जातीच्या वेलीशी १९२७ मध्ये संकर केला, त्यातून ‘ब्रॅम्लिंग क्रॉस’ मिळाले.

राळेच्या मोजमापात ही वाणे उत्तीर्ण झाली, पण वासात अडली. ब्रॅम्लिंग क्रॉसला काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या ब्लॅककरंट या आंबटगोड फळाचा वास येतो. गोल्डिंगला सरावलेल्या मद्यनिर्मात्यांना तो रुचला नाही. प्रयोगशाळेला राळेचे प्रमाण सांगता येते, आवड सांगता येत नाही.

पुढे १९६३ साली ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी परवान्याची अट गेली. घरी वीस-पंचवीस लिटर पेल एल करणाऱ्याला प्रयोग फसला तरी मोठा तोटा नसतो. तो थोडे हॉप सुरुवातीला उकळतो, कडवटपणासाठी. उरलेले शेवटी घालतो, कारण सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. आमटीवर कोथिंबीर शेवटी का घालतात, तेच कारण. फिकट माल्टच्या सौम्य चवीत हॉपचा वास स्पष्ट कळतो. पूर्वी दोष ठरलेला फळाचा वास हेच अशा मंडळींना ब्रॅम्लिंग क्रॉसचे आकर्षण वाटू लागले.

‘नॉर्दर्न ब्रुअर’, ‘गॅलेना’, ‘नगेट’ या वाणांच्या वंशावळीतही ब्रुअर्स गोल्ड, म्हणजे ती मेलेली वेल आहे. १९१८ चे बी राखले नसते, किंवा नापसंत वाणे उपटून टाकली असती, तर ही शाखा तिथेच खुंटली असती. वर्गात विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: एखादे वाण आज कोणाला नको असेल, तर ते जपण्याचा खर्च कोणी आणि का करावा?