केडगावचे दगड: पंडिता रमाबाई काय विसरल्या नाहीत?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग तसा इतिहासाचा आहे, पण प्रश्न मात्र आजचा. देवाने आपल्याला सांभाळलं असं आपण म्हणतो, चर्चमध्ये साक्षही देतो. मग पुढे काय? त्या आठवणीचं सोमवारी सकाळी काय करायचं?

बायबलमध्ये यहोशवाच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडतात आणि नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून गिलगालला उभे करतात. कशाला? तर पुढे पोरांनी विचारावं की हे दगड कसले, आणि मोठ्यांनी सांगावं की देवाने आम्हाला इथून पार नेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा लॉग झाला. पण लॉग नुसता साठवून उपयोग नसतो, वेळ आली की तो उघडून वाचावा लागतो. आणि हे मराठी मातीत कुणी करून दाखवलं असेल, तर पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या काळात यावरून केवढा वाद झाला असेल, तुम्हीच बघा. पुढे आईनेच रमाला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. पैसे संपले, भांडी विकली गेली. मजुरीची सवय नाही आणि भीक मागायची लाज. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमा तेव्हा विशीच्या आतली.

उरले दोघं, ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले. झेलम नदीच्या काठी एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हतं. दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले, त्यात शिरून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि अंगावर वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय.

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल, म्हणून भराभर सांगतो. १८७८ ला कलकत्ता, तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या. मग लग्न, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. पदरात लहानगी मनोरमा. १८८२ ला पुणे आणि आर्य महिला समाज. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा. १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, जे पुढच्या वर्षी पुण्याला आलं.

आता इथे जरा थांबूया. 'आज्ञापालन' म्हटलं की आपल्याला वाटतं, मान खाली घालून हो म्हणणं. रमाबाई तशा अजिबात नव्हत्या. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांना वाटत होतं. त्यावरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा खडाजंगी पत्रव्यवहार झाला. त्यांचा मुद्दा असा, की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसऱ्या कुणाचं कशाला मानेवर घेऊ? म्हणजे आज्ञा पाळायची ती देवाची. माणूस देवाच्या जागी येऊन बसला, तर त्याला प्रश्न विचारायचे.

इकडे पुण्यातही वादळ झालं. सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ मध्ये पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचं म्हणणं होतं की संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर जबरदस्ती करत नाही, पण माझ्या घरातली माझी प्रार्थनाही लपवणार नाही. या वादाच्या दोन्ही बाजू वाचायला हव्यात. रमाबाई आपल्याला प्रिय आहेत म्हणून दुसरी बाजू झाकायची गरज नाही.

मग आलं १८९६ साल. मध्य प्रांतात दुष्काळ. शारदा सदन तर मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं, आणि पैसा मोजकाच होता. गप्प बसल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्यांना स्वतःची भूक आठवली. त्या तिथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या, जात न विचारता. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या लोकांना ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावला घेतलेल्या जमिनीवर नेलं. तीच 'मुक्ती'. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण, सगळं तिथेच.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. मरताना वडिलांनी धाकट्या रमाला जवळ घेऊन सांगितलं होतं की तुला मी देवाच्या हाती दिलंय, जन्मभर त्याचीच सेवा कर. १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना रमाबाई या प्रसंगाकडे परत वळतात. तो देव कोण, हे वडिलांना ठाऊक नव्हतं, पण त्यांची प्रार्थना ऐकली गेली, असा त्यांचा विश्वास. लक्षात घ्या, त्या दुष्काळाला चांगलं म्हणत नाहीत. आईचं मरण गोड करून सांगत नाहीत. त्या म्हणतात ते एवढंच, की त्या रात्रींमध्येही मला कुणीतरी धरून ठेवलं होतं.

आणि धरून ठेवलेल्या माणसाने काय करावं? तर दुसऱ्याला धरावं. विश्वासूपणाची आठवण आणि आज्ञापालन यांच्यामधली तार ही आहे. अनुवादाच्या पुस्तकातही हेच सूत्र पुन्हा पुन्हा येतं: तुम्ही मिसरात दास होता हे आठवा, म्हणून परक्याशी, अनाथाशी, विधवेशी नीट वागा. आठवण आधी, आज्ञा नंतर. आठवण सुटली की आज्ञा नुसता नियम होऊन बसते.

शेवटचं काम म्हणजे बायबलचं भाषांतर. संस्कृत कोळून प्यालेली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, ते कशासाठी? खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत बायबल देण्यासाठी. खिळे जुळवणं, छपाई, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. दरम्यान १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, संस्थेची पुढची आशा. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल पूर्ण छापून बाहेर आलं.

पुणे-दौंड गाडीने कधी गेलात तर केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती मिशन आजही तिथे आहे. एकदा उतरून बघा.

आणि या आठवड्यासाठी एक छोटं काम. फोनच्या नोट्समध्ये एक गोष्ट लिहा: मी कुठे अडकलो होतो आणि कसा बाहेर आलो. त्याखाली लिहा, तशाच जागी आज अडकलेल्या कुणा एकाचं नाव. मग फोन ठेवायच्या आधी त्या माणसाला कॉल करा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.